पाटी कोणासाठीं?

नभोवाणीवर बोलणाऱ्याला एक मोठें सुख असतें. त्याच्या घराला जिना नसतो, उंबरठा नसतो, आणि आंत येणाऱ्याला दार शोधावें लागत नाहीं. ज्याला दिसत नाहीं तोहि येथें न अडखळतां येतो. ज्याचे पाय चालत नाहींत तोहि अंथरुणावर पडल्या पडल्या येऊन बसतो. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याच्यापुरतें मात्र आमचेंहि दार बंदच आहे. हीं भाषणें मागाहून छापलीं जातात तेव्हां तें थोडेंबहुत उघडतें, एवढेंच समाधान.

आज मला अशा घरांविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्यांचीं दारें सर्वांना मोकळीं आहेत असें त्यांचे मालक सांगतात, परंतु जीं पुष्कळांना सांपडतच नाहींत. हीं घरें म्हणजे आपल्या शहरांतील व्यापारी इमारती: बँका, पेढ्या, विम्याच्या कचेऱ्या, दवाखान्यांनीं आणि दुकानांनीं भरलेले सातसात मजले. आणि त्या घरांतीलहि मीं एक लहानशीच वस्तु आज निवडली आहे. ती म्हणजे भिंतीवरची पाटी.

विषय लहान वाटेल. मलाहि तो वाटत असे. तो लहान नाहीं हें मला ज्या प्रसंगानें कळलें तो आधीं सांगतों.

माझे एक मामा मुंबईंत एका छापखान्यांत मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षें त्यांनीं दुसऱ्यांच्या अनुस्वारांचा आणि वेलांट्यांचा हिशेब ठेवला. पुढें मधुमेहानें त्यांच्या डोळ्यांचे पडदे बिघडले. ते अगदीं आंधळे झाले असें म्हणतां येणार नाहीं. उजेड कळे, माणसाची आकृति कळे, हातभर अंतरावरचें मोठें अक्षर लागे. सकाळचा चहा ते स्वतः करीत, खालीं उतरून दूध आणीत, ओळखीच्या रस्त्यानें काठी न घेतां फिरून येत. एकदां एका पेढीकडून त्यांना पत्र आलें, कीं ठेवीच्या कागदांवर सही करण्यासाठीं आपण समक्ष यावें. मी बरोबर येतों म्हणालों. तेव्हां ते म्हणाले, “अरे, ठेव माझी, सही माझी, तूं कशाला रजा घालवतोस?” आणि एकटेच गेले.

इमारत नवी होती. कोणती कचेरी कोणत्या मजल्यावर, याची यादी दारांतल्या गुळगुळीत पिवळ्या दगडावर पितळी अक्षरांत, दहा फूट उंचीवर लावलेली होती. मामांना तेथें नुसती चकाकी दिसली. पहारेकऱ्यानें विचारल्यावर सांगितलें, “चौथा मजला, लिफ्ट तिकडे.” ‘तिकडे’ हा शब्द हाताच्या खुणेवांचून पुरा होत नाहीं, आणि ती खूण त्यांना दिसली नाहीं. लिफ्ट कशीबशी सांपडली. तिच्यांत बटणें नव्हती. एक सपाट कांच होती, व तिच्यावर आंकडे उमटलेले होते. ज्याला आंकडा दिसत नाहीं तो बोटानें चांचपतो. पण त्या कांचेला चांचपणें आणि दाबणें एकच. बोट जेथें जेथें फिरलें तो तो मजला नोंदला गेला. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबूं लागली, आणि कितवा मजला आला हें सांगणारा आवाज तिच्यांत नव्हता. मोजण्यांत चूक होऊन मामा भलत्याच मजल्यावर उतरले. पुढें एक दार होतें, तें त्यांनीं ढकललें. तें बायकांचें प्रसाधनगृह होतें. दारावर शब्द नव्हता; कोणा रसिकानें तेथें एक नाजूक छत्री कोरली होती. आंतून ओरडा झाला. माणसें जमलीं. कोणी वाईट बोललें नाहीं. उलट, दिसत नाहीं म्हटल्यावर सर्वांनीं हळहळ केली, आणि पहारेकऱ्यानें दंडाला धरून त्यांना खालीं आणून रस्त्यावर पोंचतें केलें.

सही राहून गेली. पुढच्या आठवड्यांत मी त्यांच्याबरोबर गेलों. सारें काम सात मिनिटांत झालें. परंतु त्या दिवसापासून मामा दूध आणावयासहि खालीं गेले नाहींत. “तूं येशील तेव्हां जाऊं,” असें ते प्रत्येक गोष्टीला म्हणूं लागले. त्यांची दृष्टि होती तेवढीच होती. गेला तो धीर.

आतां यांत दोष कोणाचा? पहारेकरी भला होता. इमारत बांधणारानेंहि कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. माझ्या मतें खरें कारण असें आहे, कीं पाटी लिहिणारा नेहमीं वाट माहीत असलेला मनुष्य असतो, आणि वाचणारा नेहमीं परका असतो. मालकाला आपली कचेरी डोळे मिटून सांपडते. म्हणून तो पाटीकडे शोभा म्हणून पाहतो. इमारत पुरी झाली, रंग दिला, कुंड्या मांडल्या, कीं शेवटीं पाटीची आठवण होते, आणि मग ती भिंतीला शोभेल अशी म्हणजे भिंतींत मिसळून जाईल अशी केली जाते. जी पाटी भिंतींत मिसळली ती पाटीच राहिली नाहीं.

पाटीनें काय करावयाचें असतें? परक्या मनुष्याला चार गोष्टी सांगावयाच्या असतात: तूं कोठें आहेस, तुला जावयाचें तें कोणीकडे आहे, हेंच तें दार काय, आणि संकट आल्यास बाहेर कोणीकडून पडावें. या चार गोष्टी डोळस, धडधाकट मनुष्याला जितक्या सहज कळतात तितक्याच सहज त्या इतरांनाहि कळाव्यात, एवढीच मागणी आहे. ती पुरी करण्यास काय लागतें तें पाहूं.

प्रथम अक्षराचा आकार. नेत्रवैद्याच्या भिंतीवरचा तक्ता आपण सर्वांनीं वाचला आहे. निकोप डोळ्याला जें अक्षर साठ मीटरांवरून लागतें तें वाचण्यासाठीं ज्याला सहा मीटरांवर यावें लागतें, त्याची दृष्टि ६/६० असें वैद्य लिहितात. सहा मीटरांवरून निकोप डोळ्याला सुमारें ९ मिलिमीटर उंचीचें अक्षर जेमतेम वाचतां येतें. या दुसऱ्या मनुष्याला तेंच अक्षर दहापट, म्हणजे सुमारें ९ सेंटिमीटर हवें. याचा अर्थ प्रत्येक पाटी राक्षसी अक्षरांची करावी असा नव्हे. दोन सेंटिमीटरांचें अक्षर असेल तर त्याला तें दीड मीटरांच्या आंत येऊन वाचतां येईल. मात्र त्याला तितकें जवळ येतां आलें पाहिजे. म्हणून नियम असा, कीं पाटी एक तर मोठी असावी, नाहीं तर जवळ असावी. दहा फूट उंचीवरची, किंवा टेबलापलीकडच्या भिंतीवरची बारीक अक्षरें या दोहोंपैकीं कशांतच बसत नाहींत.

आकारानंतर रंगाचा भेद. पांढऱ्यावर काळें किंवा गडद निळ्यावर पांढरें अक्षर उठून दिसतें. करड्यावर रुपेरी आणि दगडावर पितळी अक्षर दिसत नाहीं. पृष्ठभाग चकचकीत असला तर दिव्याचें प्रतिबिंब अक्षरालाच खाऊन टाकतें. लाल म्हणजे बंद आणि हिरवें म्हणजे चालू, एवढ्यावरच भागवूं नये. कारण लाल आणि हिरवा यांतला भेद न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्यांत आहेत. रंगाबरोबर शब्दहि लिहावा.

आपल्या देवनागरीची एक निराळी अडचण आहे, आणि ती इंग्रजी नियम उतरून घेतल्यानें सुटत नाहीं. रोमन लिपींत मोठ्या अक्षराची उंची मोजली कीं काम झालें. आमच्या अक्षरावर मात्रा व वेलांटी आणि खालीं उकार असतो. या सर्वांसह उंची मोजली, तर मधलें मूळ अक्षर फारच बारीक उरतें. म्हणून मोजावयाचें तें शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यांतला भेद शिरोरेघेपाशींच्या एका लहानशा वळणाचा आहे. नक्षीदार वळणाचें अक्षर घेतलें, कीं मंद दृष्टीला तो भेद उरत नाहीं. मामा म्हणत, “छापखान्यांत जो टाइप आम्हीं लग्नपत्रिकेला ठेवला होता तो लोकांनीं आतां दारांवर लावला आहे.”

यापुढें ज्यांना मुळींच दिसत नाहीं त्यांचा विचार. फ्रान्समध्यें १८०९ सालीं जन्मलेल्या लुई ब्रेल याची दृष्टि लहानपणींच गेली. त्यानें सहा टिंबांची आपली लिपि १८२९ सालीं प्रसिद्ध केली. आपल्या देशांत पूर्वीं एकाहून अधिक ब्रेल लिप्या चालत. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं एक समान भारती ब्रेल ठरली. तींत ध्वनीचा क्रम पाळलेला असतो. छापील ‘कि’ मध्यें वेलांटी आधीं येते व ‘क’ मागून, पण ब्रेलमध्यें आधीं ‘क’ आणि मागून इकार. बोट उच्चाराप्रमाणें चालतें.

परंतु ब्रेलची पट्टी डकवली कीं कर्तव्य संपलें, असें समजूं नये. ती हाताला सांपडेल अशा जागीं पाहिजे. मीं एके ठिकाणीं ती चौकटीच्या वर, हात न पोंचेल अशी लावलेली पाहिली आहे, आणि दुसरीकडे कांचेच्या आंत. अमेरिकेंत १९९० सालीं अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालीं २०१० सालीं जीं मानकें प्रसिद्ध झालीं त्यांत बोटानें वाचावयाची पाटी जमिनीपासून चार ते पांच फुटांच्या दरम्यान असावी असें सांगितलें आहे, आणि एका झडपेच्या दाराजवळ ती कडीच्या बाजूच्या भिंतीवर लावावी असें म्हटलें आहे. यांतील शहाणपण पाहा. पाटी दारावरच लावली, तर दार उघडें असतां ती आंत निघून जाते, आणि कोणी आंतून दार लोटलें तर तें वाचणाराच्या तोंडावर आदळतें. सर्व दारांशीं एकाच बाजूला, एकाच उंचीवर पाटी असली, म्हणजे हाताला ती शोधावी लागत नाहीं. हात आपोआप तेथें जातो.

दुसरें असें, कीं ज्यांची दृष्टि उतारवयांत जाते त्यांतील पुष्कळांना ब्रेल येत नाहीं. मधुमेहानें बोटांची संवेदनाहि मंदावते. माझ्या मामांना तीं बारीक टिंबें निराळीं लागतच नसत. त्यांना उठावाचे मोठे आंकडे उपयोगी, आणि आवाज उपयोगी. लिफ्टला दाबावें लागेल असें उंचवट्याचें बटण, त्याच्या शेजारीं उठावाचा आंकडा व ब्रेल, आणि मजला सांगणारा स्वच्छ आवाज, इतकें असतें तर मामांची सही त्याच दिवशीं झाली असती.

आतां चाकांच्या खुर्चीवरील मनुष्याकडे वळूं. त्या खुर्चीचें निळें-पांढरें चिन्ह आज जगभर दिसतें. तें १९६८ सालीं सुसान कोफोद या डॅनिश विद्यार्थिनीनें स्टॉकहोम येथील एका अभ्यासवर्गांत काढलें. तिच्या मूळ चित्रांत नुसती खुर्ची होती. तींत माणूस नव्हता. पुढील वर्षीं खुर्चीच्या वर एक वर्तुळ काढून तिला डोकें देण्यांत आलें. आमच्याकडे हें चिन्ह पुष्कळदां जेथें नको तेथें असतें. उतरण इमारतीच्या मागच्या गल्लींत, आणि उतरणीचें चिन्हहि त्या उतरणीवरच! ज्याला ती सांपडली त्यालाच तें दिसणार. खुर्चीवरचा मनुष्य पुढच्या पायऱ्यांपाशीं येऊन थांबतो. त्याला चिन्ह आणि बाण हवा तो त्या पायऱ्यांपाशीं, किंबहुना फाटकापाशींच. पायांनीं चालणाऱ्याला चुकलेली वाट म्हणजे दोन मिनिटें. त्याला ती खडबडीत रस्त्यावरून सगळ्या इमारतीला घातलेली प्रदक्षिणा असते.

ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना पाट्या दिसतात. त्यांची अडचण जेथें पाटीचें काम आवाजाकडे सोंपविलें आहे तेथें सुरू होते. खिडकीवरून नांव पुकारलें जातें, आणि ज्याला तें ऐकूं आलें नाहीं तो बांकावर बसून राहतो. म्हणून नंबर पुकारावा तसा तो फलकावर दिसावाहि. आगीच्या घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा असावा. बाहेर पडण्याची वाट बाणांनीं दाखवावी, आणि आगीच्या वेळीं लिफ्ट वापरतां येत नसल्यामुळें, ज्याला जिना उतरतां येत नाहीं त्यानें मदत येईपर्यंत कोठें थांबावें, तीहि जागा पाटीनें सांगावी. हें केवळ सोयीचें कलम नव्हे. येथें प्राणाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व करावें असें आम्हांस सांगणारें कोण? तर कायदा सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यांत सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ सरकारी इमारत नव्हे. लोकांची जेथें ये-जा आहे अशी व्यापाराची खासगी इमारतहि तींत येते. नियम प्रसिद्ध झाल्यापासून पांच वर्षांच्या आंत जुन्या इमारतीहि सुगम कराव्यात असें त्या कायद्यांत म्हटलें आहे. ते नियम जून २०१७ मध्यें निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ सालींच संपली. मध्यंतरीं एक गोम राहिली होती. राजीव रतुडी या दृष्टिहीन गृहस्थांनीं २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत एक अर्ज केला होता. त्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें असें सांगितलें, कीं नियमांतील सुगमतेचा भाग केवळ सूचनावजा ठेवला आहे, हें मूळ कायद्याशीं विसंगत आहे. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावे. एका माणसाला हें ऐकण्यासाठीं एकोणीस वर्षें थांबावें लागलें.

आम्हां महाराष्ट्रीयांना तर पाटीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. २०२२ सालीं आपल्या राज्यांत कायदा दुरुस्त होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या देवनागरींत असाव्यात, आणि तीं अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावींत, असें ठरलें. पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. त्या वेळीं घरोघरीं वाद झाले, आणि ते योग्यच होते. आपल्या गांवांत आपल्याला वाचतां यावें ही इच्छा न्याय्य आहे. मग माझें म्हणणें एवढेंच, कीं तीच इच्छा उंबरठ्याच्या आंत नेऊन पुरी करावी. बाहेरच्या अक्षराची उंची आपण पट्टीनें मोजली. आंतल्या अक्षराचीहि मोजावी.

दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला असा, कीं असे लोक येतात किती? माझें उत्तर असें, कीं मामाहि आतां तेथें जात नाहींत. तेव्हां त्या पेढीच्या हिशेबीं असा एक मनुष्य कमीच झाला आहे. दार बंद ठेवून कोणी येत नाहीं म्हणणें हा पुरावा नव्हे. शिवाय मोठें अक्षर आणि ठळक बाण यांचा उपयोग चष्मा विसरलेल्याला होतो, नुकत्याच वाचूं लागलेल्याला होतो, कडेवर मूल घेतलेल्या आईला होतो, आणि आपणां सर्वांना होणार आहे. कारण म्हातारपण कोणाला चुकलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य असतो. “पाटी कशाला? आमचा शिपाई आहे, त्याला विचारावें.” विचारण्यांत कमीपणा नाहीं, आपण सारेच विचारतों. परंतु विचारणें ही ज्याची इच्छा आहे आणि विचारणें हाच ज्याला एक उपाय आहे, या दोघांत फार अंतर आहे. प्रसाधनगृह कोठें आहे, हें प्रौढ मनुष्यानें प्रत्येक वेळीं परक्याला विचारावें आणि त्यानें दंड धरून न्यावें, यांत त्या परक्याची दया कितीहि निर्मळ असली तरी त्या मनुष्याचें कांहींतरी खर्ची पडतें. मामांचें काय खर्ची पडलें तें मीं सांगितलेंच.

म्हणून, श्रोतेहो, आपणांपैकीं ज्यांच्या हातीं एखादी कचेरी, दुकान, दवाखाना किंवा गृहसंस्थेचा कारभार असेल त्यांना माझी विनंति आहे. नव्या पाट्या सांगण्यापूर्वीं एक दृष्टिहीन, एक मंददृष्टि, एक खुर्चीवरील आणि एक ऐकूं न येणारा असे चार जण बोलवा. त्यांना वाट सांगूं नका. फाटकापासून एखाद्या खोलीपर्यंत आणि तेथून प्रसाधनगृहापर्यंत त्यांना जाऊं द्या. मागून केवळ चाला, आणि ते जेथें थांबतील तेथें खडूनें खूण करा. त्या खुणा म्हणजेच तुमच्या पाट्यांच्या जागा. आणि त्यांच्या वेळेचा मोबदला त्यांना द्या. दगड घडविणाराला आपण देतोंच कीं.

गेल्या महिन्यांत मामांना घेऊन मी डोळ्यांच्या एका दवाखान्यांत गेलों होतों. लिफ्ट बोलणारी होती. “तिसरा मजला,” असें ती म्हणाली, तेव्हां मामा एकदम थबकले, मग बाहेर पडले. भिंतीला कमरेच्या उंचीवर कठडा होता. त्याला हात लावून ते चालूं लागले. दाराशेजारीं पांढऱ्या पाटीवर काळे, उठावाचे, बोटभर उंचीचे आंकडे होते. त्यांनीं त्यांवरून तळहात फिरविला, डोळे अगदीं जवळ नेले, आणि म्हणाले, “बारा. हेंच ना रे?”

तेंच होतें. त्यांनीं माझा दंड केव्हां सोडला होता, हें त्यांच्याहि लक्षांत आलें नव्हतें.